सम्राटांचा वरचा ओठ

आजोबांनी शेवटी कवळी लावली, खुर्ची वळवून टेबलाकडे तोंड केलं आणि सगळ्यांच्या देखत टोस्टची कड कुरकुर वाजवत खाल्ली.

वरचं वाक्य वाचलं असेल तर विसरून जावं. असं काही झालेलं नाही. आमच्या घरात यावर कुणी बोलत नाही. मामी बोलत नाही, मी बोलत नाही, आणि मामाला बोलायची फारच उबळ आली तर तो आधी खिडकी लावून घेतो. तेव्हा आपण असं धरून चालू की आजोबा अजून भिंतीकडे तोंड करून जेवतात, आणि तिथून सुरुवात करू.

तर आजोबा भिंतीकडे तोंड करून जेवत होते.

दात गेल्यापासूनची ही पद्धत. आम्ही सगळे टेबलाशी बसायचो. आजोबांची खुर्चीही टेबलाशीच असायची, फक्त उलटी. ताटली मांडीवर, समोर भिंत. भिंतीवर एक कॅलेंडर होतं, त्याच्याशी त्यांचं बरं जमायचं. बोलायची वेळ आली तर तोंडावर हात धरून बोलत, त्यामुळे मीठ मागितलं तरी एखाद्याची कुलंगडी सांगतायत असं वाटायचं. हा माणूस पहिल्यापासून असा नव्हता. टपालखात्याची गाडी चालवण्यात त्यांचा जन्म गेला, आणि गाडी गल्लीत वळली की इंजिनाच्या आवाजाच्याही वर त्यांचं हसणं घरात ऐकू यायचं. आता हसू आलं की ते उठून दुसऱ्या खोलीत जायचे, तिथे हसायचे आणि परत येऊन बसायचे.

एरवी हे खपून गेलं असतं. पण माझा मामा, म्हणजे आजोबांचा एकुलता एक मुलगा, कवळ्या बनवतो.

दातांचे डॉक्टर तोंडाची मापं घेतात आणि मामाकडे पाठवतात. सायकलच्या दुकानाच्या वर आमची लॅब आहे. लॅब म्हटलं की लोकांना पांढरे कोट दिसतात. आमच्याकडे दोन खोल्या आहेत, एक भट्टी, प्लास्टर उडून उडून पांढरा झालेला रेडिओ आणि फळ्यांवर ओळीने मांडलेले अनोळखी लोकांचे जबडे. मी तिथेच कामाला आहे. कॉलेज संपल्यावर तात्पुरती म्हणून आले होते. त्या तात्पुरत्याचं पुढे काय झालं ते विचारू नये. मामा मेणात दात बसवतो, मी घासूनपुसून चकचकीत करते, आणि आजोबा तयार माल जुन्या व्हॅनमधून दवाखान्यांत पोचवतात. शहरभर दात वाटत फिरणारा बोळक्या तोंडाचा माणूस, ही आमची जाहिरात.

"टकल्याने केसांचं तेल विकावं तसं आहे हे," मामी म्हणायची.

मामाने बापासाठी कवळी केली नव्हती असं नाही. चार केल्या होत्या. चारही स्वयंपाकघराच्या खिडकीत, चार पेल्यांत, पाण्यात. सकाळी ऊन आलं की चौघी मिळून समोरच्या भिंतीवर हसायच्या. नवीन कवळी झाली की आजोबा ती निमूट लावायचे, आरशात बघायचे, काढायचे आणि म्हणायचे, "टोचतं."

मामा घासून द्यायचा. "आता?"

"टोचतं."

"कुठे टोचतं, बाबा?"

"असं ठिकाण सांगता नाही यायचं."

"सवय होईपर्यंत थोडं होतंच," मामा म्हणायचा. हे वाक्य तो सगळ्या तक्रारींवर देतो, डॉक्टर गोळ्या देतात तसं. लोकांना गुणही येतो. बापाला येत नव्हता. आणि रोज जेवताना समोर बापाची पाठ बघून मामाच्या घशाखाली घास उतरत नव्हता. धंद्याची त्याला फिकीर नव्हती. बाबांनी वळून बसावं आणि चारचौघांत जेवावं, एवढंच त्याला हवं होतं. त्याला कवळ्या करणं एवढं एकच येत होतं, आणि घरातच त्याचा उपयोग होत नव्हता.

अशात एक दिवस संग्रहालयातल्या बाई आमचा जिना चढून आल्या. त्यांच्याकडे नाण्यांचा विभाग होता, म्हणून मनातल्या मनात मी त्यांचं नाव नाणेबाई ठेवलं. तोंडावर मॅडम. त्यांनी फळ्यांवरच्या जबड्यांवरून नजर फिरवली, "इथे खासगी काही बोलायची सोय नाही," म्हणाल्या आणि स्टुलावर बसल्या.

त्यांच्याकडे एक रोमन नाणं होतं, ब्रॉन्झचं. ज्यांना दिसत नाही अशा लोकांनाही ते बघता यावं म्हणून त्यांना त्याची ताटाएवढी प्रत हवी होती, हात फिरवायला. एक सम्राटाच्या बाजूची, एक मागच्या बाजूची. नाण्याचा ठसा घ्यायला दातांची मापं घ्यायची मऊ पुट्टी फार चांगली, हे त्यांना ठाऊक होतं. त्या ठशावरून हाताने मोठं काम करणारा माणूस मात्र सापडत नव्हता.

"एखादा मूर्तिकार बघायचा की," मामा म्हणाला.

"बघितला. तो म्हणतो चेहरा जरा रुबाबदार करतो. मला रुबाब नकोय, आहे तसा हवाय. म्हटलं दातांची माणसं मापाबाहेर जात नसतील."

"केसभरही नाही," मामा म्हणाला.

हे वाक्य मात्र विसरू नये.

"फक्त एक आहे मॅडम," मामाने डबा उघडून दाखवला. "आमचं मटेरियल एकाच रंगात येतं."

हिरडीचा गुलाबी. नाणेबाईंनी डब्यात बघितलं. एका साम्राज्याची अब्रू आणि त्यांचं बजेट यांचा त्यांनी थोडा वेळ विचार केला असावा. मग म्हणाल्या, "हात लावणाऱ्यांना रंगाचं काय?"

नाणं बाहेर न्यायला परवानगी नव्हती, म्हणून आम्हीच पुट्टी घेऊन संग्रहालयात गेलो. आजोबांनी व्हॅन दारात थांबवली, तेवढ्यात पहारेकऱ्याने ती मागे लावायला सांगितली. मामा आणि मी वर गेलो. लांबलचक टेबल, त्यावर करडं जाड कापड, एक वाकडा दिवा, आणि भिंतीला लागून चपटे चपटे ड्रॉवर. नाणेबाईंनी एक ओढला. आत लाकडात गोल खाचा, आणि खाचेखाचेत एकेक राजा निजलेला. वसतिगृहासारखं. त्यातला एक उचलून त्यांनी कापडावर ठेवला.

मनगटी घड्याळाच्या तबकडीएवढं नाणं. हिरवट, तपकिरी, कडेला जरा झिजलेलं. त्यावर एका म्हाताऱ्याचं तोंड, बाजूने. डोक्यावर पानांचा मुकुट, लांब बारीक मान, आणि नाक एवढं मोठं की टाकसाळीने आधी नाक पाडून घेतलं असावं आणि उरलेल्या जागेत सम्राट बसवला असावा.

"हा नर्व्हा," नाणेबाई म्हणाल्या. शेजाऱ्याची ओळख करून द्यावी तसा त्यांचा सूर होता. "एकोणीसशे वर्षांहून जुना. पासष्टीच्या आसपास गादीवर बसला बिचारा. पुरती दीड वर्षंही मिळाली नाहीत. मूलबाळ नव्हतं, म्हणून एक सेनापती दत्तक घेतला."

"एवढा घोडा झालेला?" मी विचारलं.

"चाळिशी उलटलेला."

"बरं केलं. दुपटी धुवायला नकोत."

मामा आमच्यात नव्हताच. त्याने खिशातून भिंग काढलं होतं. "वरचे गेलेत," तो म्हणाला.

"कोण गेलेत?"

"ह्याचे दात. गालाचा खड्डा बघा. ओठ आत ओढलाय, हनुवटी वर आलीय. ह्याला वरची पूर्ण लागेल, खालची अर्धी." आणि मग, थोडं हळव्या आवाजात, "फार उशीर केला ह्याने."

"त्याच्या दातांबद्दल कुणी काही लिहिलेलं माझ्या वाचनात नाही," नाणेबाई म्हणाल्या. "कोरणाऱ्याच्या हातावरही असतं बऱ्याचदा. वेगवेगळ्या नाण्यांवर तो वेगळा दिसतो. कुठे गाल भरलेला, कुठे नाही. ह्या नाण्यावर असा आहे, एवढं मी सांगू शकते."

"ह्या नाण्यावर कवळी लागेल, एवढं मी सांगू शकतो," मामा म्हणाला.

मग वाद झाला तो पुट्टीवरून. बाई म्हणाल्या हातमोजे घातल्याशिवाय नाण्याला हात नाही. मामा म्हणाला रबरी हातमोज्यांनी मळली तर पुट्टी घट्टच होत नाही, तिला रबराचं वावडं आहे. दोघंही आपापल्या जागी खरे, त्यामुळे दोघांचाही आवाज चढला. शेवटी मामाने मोकळ्या हातांनी पुट्टी मळली, नाणेबाईंनी आपले सुती हातमोजे घालून ती अलगद नाण्यावर दाबली, आणि मी श्वास रोखून धरला. हे काम मला कुणी सांगितलं नव्हतं, पण रिकामं बसणं बरं दिसत नाही.

तेवढ्यात दारात आजोबा. "गाडी मागे लावली," तोंडावर हात धरून म्हणाले.

नाणेबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. मग नुकत्याच सोडवलेल्या नाण्याकडे. मग पुन्हा त्यांच्याकडे. चांगल्या घरच्या असल्यामुळे काही बोलल्या नाहीत. मी चांगल्या घरची असूनही माझ्या तोंडून "अगंबाई" निघालं. तेच नाक. तीच मान. मुकुट तेवढा घातला की आजोबांना त्या ड्रॉवरमध्ये कुणी अडवलं नसतं. मामाच्या मात्र काही लक्षात आलं नव्हतं. तो ओठ बघत होता.

आजोबा टेबलावर वाकले. "हा कोण?"

"सम्राट आहे, आजोबा."

"असा?"

"असाच."

"आणि असाच छापला? सगळीकडे वाटला?"

"साम्राज्यभर," नाणेबाई म्हणाल्या.

आजोबांनी मामाकडे वळून बघितलं. मुलाशी चाललेला वाद एकोणीसशे वर्षांपूर्वीच आपल्या बाजूने लागलाय, हे कळलेल्या माणसाची ती नजर होती. "कुणी जबरदस्ती केली नाही वाटतं त्याला," ते म्हणाले.

"बाबा, तेव्हा चांगलं मटेरियल नव्हतं."

नाणेबाईंनी घाईघाईने नाणं उलटं केलं. मागे दोन खेचरं. एकाचं तोंड इकडे, एकाचं तिकडे, दोघंही माना खाली घालून चरतायत. त्यांच्या पाठीमागे गाडी, बैठक रिकामी, दांड्या आभाळाकडे.

"गाडी सोडलेली दिसते," आजोबा म्हणाले.

"हो. इटलीतल्या लोकांना सरकारी टपालाच्या गाड्यांसाठी जनावरं पुरवावी लागायची. त्याचा फार जाच व्हायचा. ह्याने तो बोजा काढून टाकला, आणि सगळ्यांना कळावं म्हणून हे नाणं काढलं."

"टपालाच्या?"

"टपाल, सरकारी माणसं, सामानसुमान."

आजोबा बराच वेळ त्या खेचरांकडे बघत राहिले. "एका बाजूला साहेब आणि दुसऱ्या बाजूला स्टाफ," शेवटी म्हणाले. "आमच्या खात्याने असं कधी केलं नाही. मला निरोप देताना घड्याळ दिलं. तेही मागे पडतं."

लॅबमध्ये परत आल्यावर कामाची वाटणी झाली. सम्राट मामाकडे, खेचरं माझ्याकडे. ठशात प्लास्टर ओतून आधी नाण्याएवढी प्रत काढली, आणि तिच्यावरून कंपासने मापं मोठी करत मेणाच्या ताटावर उतरवायला लागलो. माझं पहिलं खेचर झाल्यावर मामा येऊन बघून गेला.

"हे खेचर आहे का सोफा?"

"चरतंय ते."

"सोफे चरत नाहीत म्हणून विचारलं."

त्याचं काम मात्र बघत राहावं असं होतं. पानं, केस, कान, नाकाचा तो कडा. मापात, केसभर इकडेतिकडे नाही. मग तो ओठापाशी आला, आणि तिथून पुढे मामाने काही केलं नाही, मामाच्या हातांनी केलं. त्या हातांनी आयुष्यभर एकच काम केलंय. आत गेलेला ओठ दिसला की त्याच्याखाली आधार द्यायचा. इथे थोडं मेण, तिथे थोडं मेण, गालाचा खड्डा जरा भरून. मामा रेडिओबरोबर गुणगुणत होता. सकाळी पासष्टीचा असलेला सम्राट दुपारच्या चहापर्यंत पन्नाशीत आला. संध्याकाळी त्याला स्थळं यायला हरकत नव्हती.

"मामा, हा जरा जास्तच टवटवीत नाही झाला?"

"नीट बसलाय आता," मामा म्हणाला आणि माझ्या सोफ्याकडे बघितलं. मी खेचराची मान नीट करायला वळले.

मेणावरून साचा झाला, साच्यातून गुलाबी सम्राट निघाला, मी त्याला आरशासारखा चकचकीत केला, आणि नाणेबाई बघायला आल्या. बघायला म्हणजे हात लावायला. त्यांनी स्टूल ओढलं, आणि आपल्या पाहुण्यांना कसं लागेल ते कळावं म्हणून डोळे मिटून घेतले.

बोटं मुकुटावरून गेली. "छान." कपाळ, भुवई. नाकावरून उतरायला वेळ लागला. "वा." मग ओठापाशी आली, पुढे गेली, थबकली आणि मागे फिरली. नाणेबाईंनी डोळे उघडले.

"हा कोण?"

"नर्व्हा," मामा म्हणाला.

"नाही हो. नाक त्याचं आहे. पण हा माझा सम्राट नाही." त्यांनी पुन्हा एकदा बोट फिरवून खात्री केली. "ह्याने कवळी लावलीय."

लॅबमध्ये शांतता पसरली. फळ्यांवरचे जबडे तर मुळातच शांत असतात, पण तेही जास्त शांत वाटले. आणि मग जिन्याच्या दारातून एक आवाज आला, इंजिन चालू व्हावं तसा. दुपारचा माल न्यायला आलेले आजोबा तिथे उभे होते आणि हसत होते. दुसऱ्या खोलीत जायला त्यांना वेळच मिळाला नाही. तोंडावर हात नाही, काही नाही. बोळकं सताड उघडं, डोळ्यांत पाणी, एका हाताने चौकट धरलेली. "सम्राटालाही सोडलं नाही!" एवढंच ते अधूनमधून म्हणत होते. खालून सायकलवाल्याने ओरडून विचारलं, "काय पडलं?"

मामाचा चेहरा त्याच्या मटेरियलच्या रंगाचा झाला होता. त्याने कंपास घेतला, ओठाचं माप काढलं, प्लास्टरशी ताडून बघितलं आणि कंपास खाली ठेवला. केसभर नव्हतं. चांगली वेणी होती.

"मी मुद्दाम नाही केलं, मॅडम."

"ते कळतंय मला. मूर्तिकाराने रुबाबासाठी केलं असतं, तुम्ही मायेने केलंत. पण हात लावणाऱ्याला नाण्यावर आहे तोच माणूस भेटायला हवा ना?"

"हवा." मामा खालच्या आवाजात म्हणाला. "पण मला भरायची सवय आहे. रिकामा ओठ कसा असतो ते हाताला माहीत नाही."

नाणेबाईंनी आजोबांकडे पाहिलं. आता त्यांनाही राहवलं नाही. "तुमची हरकत नसेल तर..."

आजोबा डोळे पुसत आले, स्टुलावर बसले आणि कुणी न सांगता एका बाजूला तोंड करून मान ताठ केली. "नाक जुळतं म्हणूनच ना? माझं वरचढ आहे, आधीच सांगतो."

"डोळे मिटून बघा," नाणेबाई मामाला म्हणाल्या. "बोटांना जास्त कळतं."

मामाने हात धुतले, पुसले आणि डोळे मिटले. बापाच्या तोंडात त्याने कितीदा तरी हात घातला होता. तोंडावरून कधी फिरवला नव्हता. त्याचा अंगठा आजोबांच्या गालावरून खाली आला, खड्ड्यात थांबला, मग वरच्या ओठाच्या कडेने हळूहळू पलीकडे गेला आणि परत आला. आजोबांनी चेष्टा करायला तोंड उघडलं होतं, ते मिटलं. नाणेबाई एकदम माझ्या खेचरांचं निरीक्षण करायला लागल्या.

"हे बसलंय का?" त्यांनी मला हळूच विचारलं.

"चरतंय, मॅडम."

"बसून?"

लॅबच्या भिंतीवर आजोबांचा एक जुना फोटो आहे. टपालाच्या गाडीला टेकून उभे, टोपी तिरपी, सगळे दात बाहेर. मामा रोज त्याच्यासमोर बसून काम करतो. त्याने डोळे उघडले तेव्हा नजर आधी त्या फोटोवर गेली, मग हातातल्या चेहऱ्यावर. आणि बोटं तिथेच राहिली.

"बाबा, मी ह्या फोटोतल्याचे दात केले."

"हो."

"चारही वेळा. तुमचे नाही, ह्याचे."

"मला पहिल्याच वेळी कळलं ते," आजोबा म्हणाले. "आरशात बघतो तर कोण तो टेचात उभा! ओळख ना पाळख, आणि शर्ट माझा."

"मग सांगायचं नाही का?"

"काय सांगू? एवढा जीव लावून करत होतास. वाईट वाटलं असतं तुला. म्हणून म्हटलं, टोचतं."

मामाने दिवा ओढून घेतला आणि सम्राटाचा ओठ घासायला बसला. थोडं घासायचं, डोळे मिटून बापाच्या ओठाला हात लावायचा, पुन्हा घासायचं. माल पोचायला उशीर झाला म्हणून दवाखान्यातून फोन आला. मी सांगितलं, सम्राट बसलेत.

नाणेबाई गुलाबी नर्व्हाला आणि दोन सोफ्यांना घेऊन गेल्या, आणि मामाने पाचवी कवळी करायला घेतली.

तशी कवळी आमच्या लॅबमधून कधी बाहेर पडली नव्हती. गिऱ्हाईक रंगांच्या पट्टीवरचा सगळ्यात पांढरा दात निवडतं. मामाने पट्टीच्या दुसऱ्या टोकाचा घेतला, जुन्या पियानोच्या पट्टीसारखा पिवळट. दात बुटके केले, कडा झिजवल्या, एक जरा वाकडा लावला. ओठाखाली आधार जवळजवळ दिलाच नाही. मला पॉलिश करायला दिली तेव्हा म्हणाला, "फार चमकवू नको."

ती लावल्यावर आजोबा हुबेहूब कवळी न लावल्यासारखे दिसायला लागले. मामाच्या हातून झालेलं हे सगळ्यात अवघड काम, आणि ते कुणाच्या लक्षातच येत नाही.

आजोबा आरशासमोर उभे राहिले. डावीकडून बघितलं, उजवीकडून बघितलं. "हा ओळखीचा आहे," म्हणाले. मग आमच्याकडे वळून अट घातली. "पण लावली असं कुणी म्हणायचं नाही. इतकी वर्षं नाही म्हणतोय, आता एकदम लावली तर बरं दिसत नाही. अजिबात झालं नाही असं धरायचं."

"धरलं," मामा म्हणाला.

तर त्या दिवशी जेवताना काहीही झालं नाही. आजोबांनी या महिन्याचं कॅलेंडर रटाळ आहे म्हणून खुर्ची वळवून घेतली, तेवढंच. समोर सूप होतं आणि टोस्ट. आम्ही सगळे आपापल्या ताटलीत बघत होतो. कुर्रर्र असा आवाज झाला.

"काय वाजलं?" मामीने विचारलं.

"खुर्ची," मामा म्हणाला.

पुन्हा कुर्रर्र.

"खुर्चीला तेल द्यायला हवं," आजोबा तोंडात घास धरून म्हणाले. हात मांडीवर होते. मामाने सूप दुसऱ्यांदा मागून घेतलं, मग तिसऱ्यांदा. मामी म्हणाली, "अहो, पातेलंच घ्या पुढ्यात." खिडकीतल्या चौघी पाण्यात बसून हसत होत्या. दुसऱ्या दिवशी मामीने त्यांना कपाटात ठेवलं आणि पेले मोकळे झाले.

गुलाबी नर्व्हाचं संग्रहालयात बरं चाललंय. पहिल्याच दिवशी एका बाईंनी त्याच्या तोंडावरून हात फिरवला आणि "अय्या, बोळका आहे की हा!" म्हणून एवढ्या हसल्या की पहारेकरी बघायला आला. खेचरांना हात लावणारे विचारतात की सम्राटाच्या काळात सोफे होते का. नाणेबाई सांगतात, अभ्यास चालू आहे.

आजोबा आता माल पोचवून झाला की तिकडे डोकावतात. पण गुलाबीसमोर ते फार थांबत नाहीत. पलीकडे काचेखाली खरं नाणं असतं, तोंड वर करून, तिथे उभे राहतात. परवा घरी आले ते गंभीर चेहऱ्याने. म्हणाले, ही काय पद्धत आहे? सकाळी दार उघडल्यापासून बंद होईपर्यंत लोक त्याच्या तोंडाकडे बघतात. आणि ती खेचरं बघावं तेव्हा खाली दबलेली. एकदा सोडली ना गाडीतून? मग?

मी म्हटलं, अर्ज करा. ही थट्टा होती. त्यांनी मला कागद घ्यायला लावला आणि टपालखात्याच्या भाषेत, टेबलाकडे तोंड करून, खणखणीत आवाजात अर्ज सांगितला. तो आज दुपारच्या मालाबरोबर, कवळ्यांच्या खोक्यात घालून, संग्रहालयात पोचता केला आहे:

प्रति,
मा. प्रमुख, नाणी विभाग.

विषय: ब्रॉन्झच्या नाण्यावरील सम्राटांस जेवणाची सुट्टी मंजूर करणेबाबत.

महोदया,

वरील विषयास अनुसरून विनंती करण्यात येते की, सदर सम्राट हे आपल्या काचेखाली पूर्ण वेळ तोंड वर करून सेवेत असून त्यांना जेवणाची सुट्टी देण्यात येत नाही. दात नसताना चारचौघांत जेवणे सुरुवातीस जड जाते, असे अर्जदाराने ऐकले आहे. तरी रोज दुपारी सदर नाणे उलटे ठेवण्याची व्यवस्था व्हावी, म्हणजे सम्राटांना कोणी बघत नसताना चार घास खाता येतील, आणि त्याच वेळात दोन्ही खेचरांना वर येऊन मोकळेपणाने चरता येईल. ही सवलत कायमची मागण्यात येत नसून, सम्राटांना सवय होईपर्यंतच मिळावी, ही नम्र विनंती.